पीडीएफ मजकुराचे संक्षेपण

संगणकाने तयार केलेल्या पोस्टस्क्रिप्ट व पीडीएफ फाइलींतील मजकूर, पानाचे रूप न बिघडवता, कमीत कमी जागेत साठविण्याची पद्धती. देवनागरीपुरता हा प्रश्न जुनाच आहे. जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई व ती घटविण्यासाठी लोकमान्य टिळकांसह अनेकांनी खटपट केली. तेव्हा भार जुळाऱ्याच्या खणांवर पडे, आता तो फाइलीवर पडतो.

अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन-भाषा १९८४ मध्ये व पीडीएफ १९९३ मध्ये प्रचारात आणली. या फाइली निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या पुष्कळदा प्रत्येक चिन्हाचे स्थान निराळे नोंदवितात. पालघर तालुक्यातील ‘तारापूर’ या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. त्यात ७ चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हास सरकण्याची व उमटविण्याची आज्ञा स्वतंत्र दिल्यास सुमारे १४० वर्ण खर्ची पडतात. सातही चिन्हक्रमांक एका आज्ञेत गुंफल्यास सुमारे ३४ पुरतात. चिन्हांमधील अंतराची किरकोळ दुरुस्तीही त्याच साखळीत आकड्यांनी करता येते. खरी काटकसर येथेच होते. त्यावर पुढे संपीडनाचा संस्कार होतो : पोस्टस्क्रिप्टच्या दुसऱ्या पातळीत एलझेडडब्ल्यू, तर पीडीएफ १.२ (१९९६) पासून फ्लेट ही पद्धत. पहिलीवर एकस्वाचे बंधन होते, त्यामुळे दुसरी लवकर रूढ झाली. फाँटमधील केवळ वापरलेल्या आकृत्याच फाइलीत ठेवल्यानेही मोठी बचत होते.

मात्र चिन्हक्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. क्रमांकावरून युनिकोड अक्षर सांगणारा तक्ता वगळला, तर थोडी जागा वाचते. पण पानावर स्पष्ट दिसणारे ‘तारापूर’ शोधू गेल्यास सापडत नाही. ही काटकसर अनाठायी होय, कारण तो तक्ताही संपीडित होऊन अल्प जागेत मावतो. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून पीडीएफ स्वरूपात मिळू लागला. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे जेथून हलविली गेली, त्या तारापूर-बोईसर परिसरात जमिनीच्या कागदांत गावाचे व खातेदाराचे नाव शोधता येणे ही केवळ सोय नव्हे.

तक्ता असूनही एक अडचण उरते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी रेखाटली जात असल्याने ‘विक्रमगड’ची नक्कल ‘िवक्रमगड’ अशी उतरू शकते. त्यावर उपाय म्हणून मूळ शब्द चिन्हांसोबत नोंदविण्याची सोय पीडीएफ १.४ (२००१) मध्ये करण्यात आली. तीमुळे फाइल किंचित वाढते.