मांडवीच्या धक्क्यावर, १९५७

पावसाळा सरलाय. पणजीच्या धक्क्यावर तुम्ही उभे आहात. समोर पलीकडच्या काठाला बेती. मधल्या पाण्यातून लोहखनिज भरलेले बार्ज एकामागून एक मुरगावकडे चाललेत. डिचोलीकडचा हा डोंगर आता जपान आणि पश्चिम जर्मनीच्या भट्ट्यांत वितळणार.

बाजारात शिरा. विलायती दारू, चीज, घड्याळं, बटाटासुद्धा हॉलंडचा. मुंबईत जे डोळ्यांना दिसत नाही, ते इथे हाताला लागतं. आणि तरीही हा नाकेबंदीतला गोवा आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने वाटा बंद केल्या. कॅसलरॉकची आगगाडी थांबली, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या. लिस्बनमध्ये बसलेल्या पोर्तुगालच्या हुकूमशहाने, सालाझारने, खनिजाच्या पैशावर जहाजं भरून माल आणला. भरल्या पोटाने माणूस गप्प बसेल, हा त्याचा हिशेब.

आता गावात चला. तरुण खाणीवर गेलेत. मुंडकाराचं, म्हणजे आश्रित कुळाचं, घर अजून भाटकाराच्याच, म्हणजे जमीनदाराच्याच, जमिनीवर उभं आहे. त्याची मर्जी फिरली की चंबूगबाळं उचलायचं. खनिज बाहेर जातं, तांदूळ बाहेरून येतो, कारखाने उभे राहत नाहीत. १९५१ पासून कागदोपत्री गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचा 'सागरापारचा प्रांत' आहे. पण या प्रांतात लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सरकारी तपासनिसाला दाखवावी लागते.

रात्री एका घरात तुम्हाला आत घेतात, दार लावतात, रेडिओ अगदी हळू करतात. गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवणारे लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई सीमेपलीकडच्या जंगलातून बोलताहेत, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. पोदेराने पाव द्यावा तशी ही बातमी उद्या सकाळी दारोदार पोचेल, फक्त कुजबुजत.

पहाटे पुन्हा धक्क्यावर या. बेतीकडे नीट बघा. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून आलेले मोहन रानडे १९५५ मध्ये तिथल्याच पोलीस चौकीवर हल्ला करताना जखमी होऊन पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका झाली १९६९ मध्ये.