'अप्रजाता' शब्दाचा अर्थ व बालकांचें राजपोषण

कौटिल्याच्या मतें गर्भवती स्त्रिया व त्यांचीं अर्भकें यांस सरकारांतून पोटगी मिळावी, असें विधान अनेक लेखांतून आढळतें. त्याचा आधार म्हणून अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा पहिला अध्याय दाखविण्यांत येतो. बाल, वृद्ध, संकटांत सांपडलेले व अनाथ यांचें भरण राजानें करावें असें सांगून ग्रंथकार त्यासच 'अप्रजाता' स्त्री व 'प्रजाता' स्त्रीचे पुत्र जोडतो. वाद आहे तो या 'अप्रजाता' शब्दाचा.

तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या ग्रंथलिपींतील ताडपत्रीवरून शामशास्त्री यांनी १९०९ सालीं हा ग्रंथ छापिला. त्यांच्या १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत या स्थळीं गर्भिणी असा अर्थ घेतला आहे. त्या थोर पंडिताचे उपकार केवढे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षें वर्गांत हाच अर्थ सांगत आलों. तो आतां आम्हांस मागें घ्यावा लागत आहे.

कारण असें. तिसऱ्या अधिकरणाच्या चौथ्या अध्यायांत थोड्या काळासाठीं प्रवासास गेलेल्या पतीची वाट अप्रजातांनीं एक वर्ष व प्रजातांनीं त्याहून अधिक काळ पाहावी असा नियम आहे. येथें 'अप्रजाता' म्हणजे जिला मूल झालेलें नाहीं ती, हें उघड आहे. शामशास्त्री यांनींही या स्थळीं हाच अर्थ केला आहे. एकाच ग्रंथांतील एकाच शब्दाचे दोन अर्थ घेण्यास सबळ कारण हवें, आणि तें येथें दिसत नाहीं. शिवाय गर्भवती म्हणावयाची असतां कौटिल्य 'गर्भिणी' असेंच म्हणतो. दुसऱ्या अधिकरणाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत नावध्यक्षाच्या मुद्रेवर नदी उतरून जाणाऱ्यांत तिची गणना आहे. मुंबई विद्यापीठातर्फे १९६० सालीं अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ति काढणाऱ्या प्रा. र. पं. कंगले यांनीं १९६३ च्या भाषांतरांत 'मूल न झालेली स्त्री' असाच अर्थ स्वीकारला आहे.

मग अर्भकांच्या वांट्यास कांहींच उरत नाहीं काय? तसें नाहीं. निराधार मातेचे पुत्र त्याच वाक्यांत आहेत. परंतु तें पोषण सरसकट नव्हे. ऐपत असून मुलांबाळांस न पोसणाऱ्यास तोच अध्याय बारा पण दंड सांगतो, आणि अज्ञान मुलाचें द्रव्य तो वयांत येईपर्यंत वाढविण्याचें काम ग्रामवृद्धांवर सोंपवितो. आधीं घर, मग गांव, आणि कोणीच नसेल तेथें राजा, असा हा क्रम आम्हांस दिसतो.

खरें महत्त्वाचें स्थळ मात्र फारसें कोणी उद्धृत करीत नाहीं. पांचव्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत, कामावर असतां मेलेल्या सेवकांच्या बायकामुलांस भक्त व वेतन द्यावें, त्यांच्यांतील बालकांवर अनुग्रह करावा, आणि सेवकांच्या घरीं मृत्यु, आजार वा बाळंतपण आलें असतां द्रव्य व मान देऊन साह्य करावें असें आहे. 'सूतिका' हा शब्द तेथें स्पष्ट आहे; ओढाताण करावी लागत नाहीं.

मराठी कागदांतील 'बालपरवेशी' हा शब्द येथें सहजच आठवतो. चाकरींत पडलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पोषणासाठीं सरकारांतून चालणारी नेमणूक ती ही. याचें मूळ कौटिल्यांत शोधण्याचा मोह कित्येकांस होतो. शब्दाचें उत्तरपद मात्र फारसी 'परवरिश' होय, हें ध्यानांत असावें. सारखी गरज पडली म्हणजे सारखी तजवीज होते. तेवढ्यावरून वंशावळ जुळवूं नये.

ही नेमणूक मूल कोणत्या वयाचें होईपर्यंत चाले, व मुलगीच मागें राहिली तर काय होई, हें मूळ कागदांवरून ठरविण्यासारखें आहे. ज्यांच्या संग्रहीं बालपरवेशीच्या सनदा, याद्या अगर ताळेबंद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला तारीख व शिक्क्यासह मंडळाकडे धाडाव्या.