पैनगंगेपलीकडचा परदेश

गेल्या महिन्यांत आमच्या मुलीस जर्मनीला एक पार्सल पाठवावयाचें होतें. ती तेथें नोकरी करते व फावल्या वेळीं गोधड्या शिवते. तिची मागणी फार मोठी नव्हती. घरांतल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे, रंगीत दोऱ्यांच्या गुंड्या, तांड्यावरच्या बायका कांचळीवर लावतात तसले बारीक आरसे, मूठभर कवड्या, आणि नातीसाठीं एक कापडी बाहुली, इतकेंच. सौभाग्यवतीनें तें सारें एका पांढऱ्या फडक्यांत शिवलें आणि मी तें घेऊन टपालकचेरींत गेलों. खिडकीवरच्या तरुणानें एक छापील कागद पुढें केला. आंत काय आहे, वजन किती, कोणत्या देशांत बनलें, आणि किंमत काय? 'भेट' अशी एक चौकट त्या कागदावर असते, नाहीं असें नाहीं. पण तिच्यावर खूण केली तरी किंमत लिहावीच लागते.

शिवाय प्रत्येक जिनसेला एक क्रमांक द्यावा लागतो. जागतिक जकात संघटनेनें जगांतील यच्चयावत् वस्तूंची एक वर्गवारी केली असून १ जानेवारी १९८८ पासून ती अमलांत आहे. तीप्रमाणें कांचेचे मणी ७०१८ मध्यें येतात. कवड्या, शंख, शिंपले हे ०५०८ मध्यें येतात. जुन्या लुगड्याच्या तुकड्यांना वेगळें घर नाहीं. त्यांना ६३१० खालीं घालावें लागतें, आणि त्या सदराचें नांव आहे चिंध्या. तो मुलगा सौजन्यशील होता. त्यानें तो शब्द हळू आवाजांत वाचला. मला मात्र एकदम आमची आजी आठवली.

आजीचें माहेर वाशीमकडचें आणि सासर हिंगोलीचें. आज हा प्रवास मोटारीनें तासाभराचा आहे. मधल्या वाटेवर कनेरगांव नाका म्हणून गांव लागतें. उतारू तेथें चहा घेतात, आणि गांवाच्या नांवाला हें 'नाका' शेपूट कां, असें कोणी विचारीत नाहीं. पण आजीच्या तरुणपणीं पैनगंगेच्या अलीकडे निजामाचें राज्य होतें व पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. नदी ओलांडली कीं नाणें बदले, टपालाचें तिकीट बदले, कचेरीची भाषा बदले, आणि वाटेवर करोडगिरीची चौकी असे. करोडगिरी म्हणजे हैदराबाद राज्याचें जकातखातें. हा शब्द आमच्या भागांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं अगदीं परवांपरवांपर्यंत होता.

पहिलें बाळंतपण माहेरीं करून आजी परत निघाली, तेव्हां तिच्या भावानें एक बोचकें बांधून दिलें. त्यांत बाळाची कुंची, दोन टोपडीं, एक खण, मण्यांची माळ आणि भरतकामाचे दोरे होते. एका नाक्यावर वयस्क कारकुनानें तें सोडून पाहिलें व किंमत विचारली. आजी म्हणाली, "भावानं देलं, त्याची किंमत व्हय का?" कारकून बिचारा वाईट नव्हता. त्याच्या वहींत रकाना होता आणि तो भरल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. त्यानें आपल्या मनानेंच आठ आणे लिहिले, आणि एवढ्यावर काय घ्यावयाचें म्हणून बोचकें तसेंच सोडून दिलें. शेंकडा पांच दरानें हिशेब केला तर आठ आण्यांवर पांच पैही होत नाहींत. आजीचें दुःख पैशाचें नव्हतेंच. "माझ्या भावाची भेट आठ आण्याची झाली," हें ती ऐंशी वर्षांची होईपर्यंत सांगत असे, आणि दर वेळीं तिचा स्वर बदले.

हा परदेश तीस मैलांवर कसा येऊन बसला, याची कथा हिंगोलीच्याच मातींत आहे. इ. स. १८५३ पूर्वीं हिंगोली व वाशीम हीं दोन्हीं गांवें निजामाच्याच मुलखांत होतीं. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होती. ही फौज चाले निजामाच्या पैशानें आणि तिचे अधिकारी असत इंग्रज. तिचा खर्च राज्यास पेलेना; पगार थकले, कंपनीचें कर्ज चढत गेलें. शेवटीं १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड या फौजेच्या खर्चासाठीं कंपनीच्या हवालीं केलें. म्हणजे पहा, जे शिपाई कयाधूच्या कांठीं कवाईत करीत होते, त्यांच्या पगाराची सोय लावण्याकरितां हिंगोलीकरांचा शेजार परका झाला. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं मीर महबूब अली खान यांजकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें व वार्षिक पंचवीस लक्ष रुपये खंड ठरला. दुसऱ्याच वर्षीं कंटिंजंट ही निराळी फौज म्हणून राहिली नाहीं. ती हिंदुस्थानी सैन्यांत मिसळून गेली. ज्या कारणास्तव सरहद्द पडली तें कारण संपलें, पण सरहद्द राहिली.

जकातीचा दर त्याहूनही जुना. १८०२ सालीं कंपनी व निजाम यांच्यांत व्यापाराचा तह झाला, त्यांत मालाच्या किंमतीवर शेंकडा पांच जकात ठरली. आणि हा दर पुढें दीर्घकाळ हैदराबादच्या जकातीचा पाया राहिला. यावरून कोणी निजामासच नांवें ठेवूं नयेत. खुद्द इंग्रजांनीं मिठावरची व साखरेवरची जकात चुकूं नये म्हणून सिंधू नदीपासून बऱ्हाणपुरावरून ओरिसापर्यंत एक जकातरेषा आंखली होती. बऱ्याच ठिकाणीं तिला कांटेरी झाडांचें जाड कुंपण होतें, आणि तिच्या पहाऱ्यास सुमारें बारा हजार माणसें लागत. ती रेषा १ एप्रिल १८७९ रोजीं मोडली. माझ्या शाळेंतल्या मुलांना चीनची भिंत ठाऊक असे. हें कुंपण ठाऊक असलेला मुलगा मला सबंध नोकरींत भेटला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाही तें नोकरीच्या उत्तरार्धांत कळलें.

टपालाची गोष्ट याहून विलक्षण आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं बर्न शहरीं कांहीं राष्ट्रांनीं करार केला, आणि त्यांतून सर्व जगाचा टपालसंघ निर्माण झाला. एका देशाचें तिकीट लावलेलें पत्र दुसऱ्या देशानें निमूटपणें पोंचवावयाचें, हें त्याचें तत्त्व. ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ सालीं त्यांत सामील झाला. १८८० सालीं पॅरिस येथें पार्सलांविषयींही करार झाला. म्हणजे वाशीमच्या माणसास इंग्रजी तिकिटावर जर्मनीस पत्र धाडतां येई. हिंगोलींत मात्र निजामाचें स्वतंत्र टपालखातें. त्याचीं तिकिटें १८६९ पासून निघत, कोरीवही सुंदर असत, पण राज्याबाहेर तीं चालत नसत. बाहेरच्या टपालासाठीं राज्यांत इंग्रजी खात्याच्या निराळ्या कचेऱ्या होत्या. बर्लिन जवळ आणि वाशीम दूर, असा तो भूगोल होता. त्यांत नाण्याची भर. आमच्याकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदारांना सुमारें एकशें सोळा हाली पडत. भावानें कलदारांत घेतलेला खण बहिणीच्या दारीं हालींत उतरे. बायका हा हिशेब तोंडीं करीत, आणि तो चुकत नसे.

येथें मला त्या मूठभर कवड्यांविषयीं थोडें बोललें पाहिजे. आमच्या जिल्ह्यांत बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. पूर्वीं हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून सबंध दख्खन पालथी घालीत. फौजांची रसदही तेच पुरवीत. त्यांच्या बायकांच्या भरतकामांत आरसे आणि कवड्या असतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. पण हिंगोलीपासून समुद्र किती दूर! पूर्वींच्या काळीं कवड्यांचें मोठें आगर मालदीवचीं बेटें. तेथून त्या जहाजांनीं हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत, आणि हातोहात आंतल्या मुलखांत शिरत. एके काळीं तेंच सुटें चलन होतें. बाजारांत किरकोळ सौदा कवड्यांवर होई. युरोपच्या व्यापाऱ्यांनीं तर हिंदी महासागरांतल्या कवड्या पश्चिम आफ्रिकेंत नेऊन त्यांच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं. तेव्हां टपालाच्या कागदावर कवडीची किंमत लिहितांना माझा हात क्षणभर थांबला, तो कांहीं केवळ विनोदानें नव्हे. जी स्वतःच किंमत होती तिची किंमत काय लिहावी? आम्ही मराठींत 'कवडीमोल' म्हणून मोकळे होतों, पण त्या रकान्यांत आंकडा लागतो.

आजीच्या कथेचा पुढचा भाग १९४७ चा आहे. त्या वर्षीं दिवाळींत तिची भाऊबीज आली नाहीं. देश स्वतंत्र झाला होता, निजाम वेगळा राहूं पाहत होता, सरहद्दीच्या दोन्हीं बाजूंस माणसांचीं मनें धास्तावलेलीं होतीं. पलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणीं स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे तळ पडले. अलीकडे रझाकारांचा धुमाकूळ माजला. पुढें हैदराबादची आर्थिक कोंडी सुरू झाली. अशा वेळीं खणाचें बोचकें घेऊन नदी कोण उतरणार? आजी म्हणे, त्या वर्षीं तिनें ओवाळणीचें ताट चंद्राला ओंवाळून देवापुढें ठेवलें. भाऊ जिवंत आहे एवढा निरोपही माघांत मिळाला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली, आणि त्या दिवाळीस आजीचे भाऊ स्वतः आले. जकातीच्या चौक्या मात्र तेव्हां उठल्या नव्हत्या. राज्य एका दिवसांत पडतें, रकाना पडण्यास वेळ लागतो. निजामाचें टपालखातें १ एप्रिल १९५० रोजीं भारताच्या टपालखात्यांत विलीन झालें. आंतरराज्य जकातीचें तर असें कीं, आमच्या घटनेंतच ३०६ वें कलम होतें. हैदराबादसारख्या राज्यांना अशा जकाती कांहीं वर्षें चालूं ठेवण्याची मुभा त्यांत दिली होती. सातव्या घटनादुरुस्तीनें १९५६ सालीं तें कलमच रद्द झालें, आणि त्याच वर्षीं १ नोव्हेंबरास मराठवाडा व वऱ्हाड एकाच मुंबई राज्यांत आले. आजीचें माहेर व सासर एका राज्यांत यावयास एकशेंतीन वर्षें लागलीं.

आतां ती रेषा समुद्रापलीकडे गेली आहे एवढेंच. प्रश्न तेच आहेत. युरोपीय संघांत एका खाजगी माणसानें दुसऱ्यास पाठविलेली पंचेचाळीस युरोपर्यंतची भेट जकातीवांचून जाते. अमेरिकेनें आठशें डॉलरपर्यंतच्या मालाची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आणि त्या सुमारास आमच्या टपालखात्यासही तिकडचीं पार्सलें कांहीं आठवडे थांबवावीं लागलीं. आपल्याकडचा नियम त्याहून कडक आहे. १२ डिसेंबर २०१९ च्या सूचनेनें परदेशांतून टपालानें वा कुरियरनें भेट म्हणून जकातीवांचून येणारा माल बंद झाला. अपवाद फक्त दोन, जीव वांचविणारीं औषधें आणि राखी. राखीबरोबरच्या भेटीस मात्र ही सवलत नाहीं, असें त्या सूचनेंत स्पष्ट लिहिलें आहे. भेटींच्या नांवाखालीं व्यापारी माल येऊं लागला होता, तेव्हां सरकारचेंही चुकलें असें म्हणवत नाहीं. पण बहिणीचा दोरा सोडावा आणि खण अडवावा, हा नियम ज्यानें लिहिला त्याला आमच्या आजीसमोर उभें करावयास हवें होतें, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्या दिवाळीस भावानें आजीला एक हिरवें लुगडें आणलें होतें. बोचक्यांत बांधून नव्हे. बरोबर आलेल्या वहिनीनें तें नाक्याआधीं अंगावरच्या लुगड्यावरून नेसलें आणि हिंगोलीस आल्यावर सोडून नणंदेच्या हातीं दिलें. अंगावरच्या वस्त्राला कोणी किंमत विचारली नाहीं. आजीनें तें अनेक वर्षें सणावारीं नेसलें. विरल्यावर त्याची गोधडी झाली, गोधडी फाटल्यावर तिचे धड राहिलेले तुकडे माझ्या आईनें पेटींत ठेवले, आणि परवांच्या पार्सलांत ते सहा तुकडे होते. मीं त्यांच्यापुढें ६३१० लिहिलें, किंमत पन्नास रुपये लिहिली, भेटीच्या चौकटींत खूण केली आणि सही ठोकली. एकोणीस दिवसांनीं मुलीचा दूरध्वनि आला. पार्सल पोंचलें होतें. तिकडच्या जकात कचेरींत तें उघडून पुन्हां चिकटविलेलें होतें, पैसे कांहीं पडले नाहींत. आणि हिरवा तुकडा कोणाचा, एवढेंच तिला विचारावयाचें होतें.