‘ग्रॅहमची यादी’

जॉन ग्रॅहम मुंबईत टपालखात्याचे अधिकारी होते; झाडे हा नोकरीपलीकडचा ध्यास. १८३९मध्ये खंडाळ्याला त्यांचे निधन झाले तेव्हा मुंबई परिसरातल्या वनस्पतींची त्यांची सूची छापून पुरी व्हायची होती. जोसेफ निम्मो यांनी ती तडीला नेली. ग्रॅहमने सूचीत निम्मोंचे नाव एका झाडाला दिले आहे. शास्त्रीय नावात ‘निम्मोनियाना’ मिरवणारे ते झाड म्हणजे आपला नरक्या. बदलापूरहून दिसणाऱ्या डोंगररांगेतल्या माथेरानात तो आढळतो. बारीक, पिवळसर फुलांचा झुबका. वास मात्र असा, की नाक दाबावे. या झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात आणि त्यापायीच सह्याद्रीत हे झाड बेसुमार तोडले गेले, हे फार दुःखाचे आहे. सूचीतले त्याचे वर्गीकरण पुढे बदलले. निम्मोंचे नाव टिकले.