रामबागेत मराठी कशाकशातून आली

वाडे, गणपती, जुन्या शाळा यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. मी जरा अलीकडचा इतिहास सांगते : महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरात मराठी आवाज कोणकोणत्या यंत्रातून आला, आणि आला तो कुणाचा.

माझं माहेर आणि सासर दोन्ही इंदूरचंच. होळकरांच्या कारभारात कारकुनी करायला आलेली घराणी, ती इथलीच झाली. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. मराठी टिकली ती माणसांच्या तोंडून : आजी, आत्या, भजनी मंडळ, आणि वाचनालयातली पुस्तकं.

मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, पण ते मुंबईकरांचं. दादरचे मामेभाऊ मे महिन्यात आले की चिमणराव आणि गुंड्याभाऊ कसे बोलतात ते नक्कल करून दाखवायचे. आम्ही ती मालिका नक्कलेतच पाहिली, आणि पोट धरून हसलो. पुढे घरोघरी टीव्ही आला. दिल्लीहून रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे, त्यात भाषांची पाळी फिरायची. मराठीची पाळी यायला महिने लागत. त्या रविवारी रामबागेतल्या बायका जेवणं लवकर उरकून ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्याकडे हजर. चित्रपट बहुतेक गंभीर असायचे, पण मराठी बोलताहेत ना, मग बसून पाहायचं. मग व्हीसीआर भाड्याने आणायचे दिवस आले. मुंबईहून येणाऱ्याच्या सामानात ‘धूमधडाका’ची कॅसेट असली की त्याचा मान जावयासारखा.

1999 साली अल्फा मराठी सुरू झालं. आम्ही केबलवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, “भाभीजी, दो-चार घरों के लिए चैनल कैसे लगाऊँ?” मग काय, वही घेऊन निघालो. तीन दिवसांत 41 घरांच्या सह्या. दोन गल्ल्या सोडून राहणारी कुटुंबं मराठी आहेत हे काहींना त्या वहीमुळे कळलं. एका आजोबांना तर ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनी सही केली. पंधरा दिवसांत चॅनल लागलं. त्या सह्यांमधून ओळखी झाल्या, हळदीकुंकवाची बोलावणी वाढली, आणि दोन लग्नंही जुळली.

आता सह्या लागत नाहीत. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, 2020 च्या टाळेबंदीत सगळेच घरात बसले, आणि नाटकं, कीर्तनं, जुने चित्रपट, नव्या मालिका सगळं हातात आलं. माझ्या सासूबाई 89 वर्षांच्या. त्यांच्या लेखी प्रत्येक ॲपचं नाव यूट्यूबच. गुडघ्यांमुळे सानंदच्या नाटकांना जाणं थांबलं होतं, त्या आता पलंगावर पडून संगीत नाटक ऐकतात. आमचा टीव्ही मुलाच्या खात्यावर चालतो, तो बंगळुरात. लॉगिन गेलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तो मीटिंगमध्ये असला की सासूबाईंचा दुसरा अंक तिथेच थांबतो.

तरी एक गोष्ट लक्षात येते. यंत्र आम्हाला हिंदी घर समजतं. पत्ता इंदूरचा, फोन दुकानदाराने हिंदीत लावून दिलेला. सासूबाई माइकवर “बाळ” म्हणाल्या की तिथे “बाल” उमटतं. “आमचा ळ कुठे गेला?” असं त्या फोनलाच विचारत. सेटिंगमध्ये मराठी निवडली आणि ळ परत आला. केबलवाल्याला मोजायला 41 घरं लागली होती, इथे एकेका घराने आपापलं सांगायचं. न सांगणारं घर मराठी आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

आता नातीबद्दल. ती 11 वर्षांची. सूनबाई हिंदी घरातल्या, त्यामुळे पोरीची मराठी समजण्यापुरती होती. बोलायची वेळ आली की हिंदी. दोन वर्षं ती माझ्याबरोबर मालिका बघते. आपल्या इंदूरच्या मुलांना देवनागरी वाचता येते, खाली मराठी अक्षरं असती तर वाचायलाही शिकली असती. पण उपशीर्षकं बहुतेक इंग्रजीतच येतात. तरी कानाने शिकली. परवा मी म्हणाले, “अगं, नेट चालून नाही राहिलं.” तर म्हणते, “आजी, ‘चालत नाहीये’ म्हणायचं. ‘चालून राहिलं’ चूक आहे.”

मला बरंही वाटलं आणि लागलंही. पोर मराठीत बोलली, माझी चूक काढण्याइतकी बोलली! पण ‘चालून राहिलं’ ही चूक नाही. हिंदीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठीचं ते वळण आहे, नागपूरकडेही ऐकू येतं. माझ्या आजीने मला जवळ घेतलं ते याच बोलीत.

पडद्यावर बोली येत नाहीत असंही नाही. 2016 साली ‘सैराट’ने सोलापूरकडची बोली देशभर नेली, त्याच वर्षी ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घरोघर पोचवली. माळव्यातली मराठी मात्र माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही. तिला वाट बघायला वेळ नाही. ती बोलणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून आम्ही दिवाळीपासून एक सुरू केलंय. दर गुरुवारी दुपारी सासूबाई बोलतात आणि नात फोनवर रेकॉर्ड करते. प्रश्न तीच विचारते. सुरुवातीला गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं वय सांगायचं, पंखा बंद ठेवायचा, मध्ये दुरुस्ती करायची नाही. ती शेवटची अट नातीसाठी घातली. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक बंगळुराला. आत्तापर्यंत नऊ झालीत. तिसऱ्यात सासूबाई वाड्यातल्या विहिरीबद्दल सांगताना म्हणतात, “आम्ही पाणी भरून राहिलो होतो.” नातीने ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे भरत होता ना?” मग स्वतःच म्हणाली, “समजलं मला.”

बडोद्याच्या मराठीत गुजराती डोकावते, बेळगावच्या मराठीला कानडी हेल आहे, हैदराबादची मराठी दखनीच्या शेजारात वाढली. तुमच्याकडे अशी बोलणारी आजी, काका, मावशी असतील तर दहा मिनिटं घ्या. चांगला माइक नको, फोन पुरतो. लग्न कसं जमलं, पाणी कुठून यायचं, पहिला टीव्ही कुणाकडे आला, एवढं विचारलं तरी तास निघतो.

आमचा या गुरुवारचा विषय राजवाड्यासमोरचा बाजार. नातीने सात प्रश्न लिहून काढलेत, मराठीत. ळ सगळे जागेवर आहेत.