एका कान्याचं अंतर

सगळ्यात आधी येतो तो मिरीचा वास. तुम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरात आहात, साल १८४७, कस्टम हाउसच्या गोदामाशी. एक माणूस मिरीच्या पोत्यावर स्टेन्सिल दाबून धरतो, काळ्या रंगाचा कुंचला फिरवतो आणि अक्षरं उमटतात: एन. हॉथॉर्न. जकात भरली, माल सोडायला हरकत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. पोत्यांवर, सिगारच्या खोक्यांवर हे नाव रोज उमटतं. पुस्तकावरचं तेच नाव फार थोड्यांनी वाचलंय.

नाव जरा निरखून पाहा. घराण्याचं मूळ आडनाव हॅथॉर्न. लेखक नॅथॅनिएलनं तरुणपणी त्यात एक डब्ल्यू घातला. मराठीत लिहायचं तर हॅ-वरच्या चंद्राला एक काना जोडायचा, बस. पण हा काना का जोडावासा वाटला असेल, याचा अंदाज घ्यायचा असेल, तर बंदराकडे पाठ करून गावात शिरा.

वाटेत थोडं थांबा. याच गावातल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल पुढच्या वर्षी मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचं. त्या दीक्षेच्या वेळी नॅथॅनिएल सात वर्षांचा होता, याच गावात. सेलम आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

आता चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत या. एका जुन्या शिळेवर जॉन हॅथॉर्न हे नाव आहे, मृत्यू १७१७. नॅथॅनिएलच्या पणजोबांचे वडील. शिळेवर हात ठेवा.

२६ मार्च १६९२. तुम्ही तुरुंगाच्या रखवालदाराच्या घरात, भिंतीला टेकून उभे आहात. मोठी माणसं बसली आहेत, त्यांत न्यायाधीश जॉन हॅथॉर्न. समोर उभ्या आरोपीचं वय चार-पाच वर्षं. सारा गुडची मुलगी डोरोथी, आरोप चेटकाचा. तिला विचारून विचारून तिच्याकडून वदवलं जातं, की तिच्याजवळ एक छोटासा साप आहे आणि तो तिचं बोट चोखतो. ती बोट पुढे करते. तर्जनीच्या खालच्या पेरावर लाल ठिपका, पिसू चावल्याएवढा. सगळे वाकून पाहतात. साप तुला कुणी दिला? आईनं, असं ती सांगते.

तुम्हाला तिथून तिला उचलून पळावंसं वाटेल. मलाही दर वेळी वाटतं. पण इथे आपल्याला फक्त पाहता येतं. १९ जुलैला त्याच आरोपावरून सारा गुडला फाशी देतात. त्या वर्षी एकूण एकोणीस जण फासावर गेले, त्यांत चौदा बायका. गाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला तर दगडांखाली चिरडून मारलं. डोरोथी कित्येक महिने बेड्यांत राहिली. सुटली, पण पुढे कधीच भानावर आली नाही, असं तिच्या बापानं नंतर लिहून दिलं आहे. पुढे एका न्यायाधीशानं जाहीरपणे चूक कबूल केली. जॉन हॅथॉर्ननं केली नाही.

परत या, १८४९ च्या उन्हाळ्यात. सरकार बदललं आणि जूनमध्ये नॅथॅनिएलची कस्टम हाउसमधली नोकरी गेली. त्याची बायको सोफियानं घरखर्चातून गुपचूप बाजूला टाकलेले पैसे काढून दाखवले आणि आता पुस्तक लिही म्हणाली, ही गोष्ट त्या घरात पुढे सांगितली जाई. पण आधी दुसरंच संकट येतं. मॉल स्ट्रीटच्या घरात त्याची आई अंथरुणाला खिळलीय. जुलै संपत आलाय, खोलीत उकडतंय. तो बिछान्याशी गुडघे टेकून आईचा हात धरतो आणि त्याला रडू आवरत नाही. मग खिडकीशी जातो. पडद्याच्या फटीतून त्याला अंगणात खेळणारी पाच वर्षांची ऊना दिसते, सोनेरी केसांची. मागे मरणपंथाला लागलेली आई, समोर खेळणारी लेक. तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे आहात. घाई करू नका. त्यालाही तिथून हलवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊना आजीच्या मरणाचा खेळ मांडते. आजी कशी कण्हते, कशी बोलते, सगळं हुबेहूब. बाप ते पाहतो आणि वहीत टिपून ठेवतो. ३१ तारखेला आई जाते.

शरद लागतो तसा तो वरच्या मजल्यावर लिहायला बसतो, दिवसाचे नऊ-नऊ तास. सोफियाला त्या झपाट्याची भीती वाटते. तुम्ही जिन्यात थांबा, तिथे टाकाची कुरकुर ऐकू येते. ‘द स्कार्लेट लेटर’. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या बॉस्टनची: छातीवर लाल अक्षर मिरवायची शिक्षा झालेली हेस्टर आणि तिची लेक पर्ल. पर्लमध्ये ऊना आहे, हे बापाची वही वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते गव्हर्नरच्या घरातलं प्रकरण. पोर आईजवळ ठेवायची की काढून घ्यायची, हे ठरवायला गव्हर्नर आणि धर्मोपदेशक बसलेत. तीन वर्षांच्या पर्लला विचारतात, तुला कुणी घडवलं? उत्तर तिला पाठ आहे. तरी ती तोंडात बोट घालते, हट्टानं गप्प राहते, आणि शेवटी सांगते की तुरुंगाच्या दाराशी रानगुलाब फुलला होता, आईनं तिला तिथून खुडलं.

पुन्हा मोठी माणसं, पुन्हा एवढंसं पोर, पुन्हा बोट, पुन्हा उत्तरात आई. डोरोथी आणि पर्ल मला वेगळ्या करता येत नाहीत. पूर्वजांच्या काळावर लिहिणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेक त्यांच्या तलवारी पुसून देतात. नॅथॅनिएलनं पूर्वजाची चौकशीची खोली पुन्हा मांडली आणि पोरीला तिच्या आईचा हात धरून बाहेर जाऊ दिलं.

३ फेब्रुवारी १८५०. बॉस्टनच्या छापखान्यात पुस्तकाची सुरुवात पोचलीसुद्धा, आणि शेवट आत्ता पुरा झालाय. तो सोफियाला वाचून दाखवतो. आवाज चढतो, उतरतो, घशात अडकतो. ऐकून तिचं डोकं इतकं दुखायला लागतं की ती उठून झोपायला जाते. तो कागदांपाशी एकटा उरतो.

निघताना जिन्यावर पाय हळू टाका. ऊना झोपलीय.