नाताळची देणगी आणि राहिलेले देणे



आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामात देणगीच्या पावतीपुस्तकांवरची धूळ झटकली जाते. वृद्धाश्रमासाठी ब्लँकेट, वसतिगृहातल्या मुलांसाठी केक आणि खाऊ, एकट्या राहणाऱ्या विधवांसाठी तांदूळ-साखरेची पिशवी. ही यादी घेऊन आम्ही तीन-चार स्वयंसेवक बेळगावच्या बाजारपेठेत फिरतो. दुकानदार देतात, कारखानदार देतात. त्यांतले बरेच जण ख्रिस्ती नाहीत, तरीही देतात. नाताळच्या मिस्सेनंतर फादर सगळ्यांची नावे वाचतात आणि आपण टाळ्या वाजवतो.

गेल्या वर्षी टाळ्या थांबल्यावर माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, ज्यांनी ब्लँकेटं दिली ना, त्यांच्याकडंच माझी आई कामाला आहे. तिच्या जादा कामाचे पैसे गणपतीपासनं राहिलेत. देणगी चांगली म्हणायची की वाईट?"

ते एका कुटुंबाने चालवलेले छोटे युनिट आहे, आणि माणसे मनाने चांगली आहेत. मला उत्तर देता आले नाही. "प्रार्थना करू या," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. वर्षभर जे वाचले त्यात मला एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट सापडली. तिचे नाव आपल्या घराघरात आहे. कोणत्याही कंपनीचे चॉकलेट असले तरी आपली मुले त्याला "कॅडबरी"च म्हणतात!

जॉन कॅडबरी यांनी 1824 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान उघडले. ते क्वेकर पंथाचे होते. हा पंथ आपल्या कॅथलिक उपासनेपासून बराच वेगळा आहे. त्यांच्यात धर्मगुरू नाहीत, वेदी नाही. एकत्र जमून शांत बसायचे आणि आत्म्याची वाट पाहायची. सगळे दिवस देवाचे, म्हणून जुने क्वेकर नाताळसुद्धा वेगळा पाळत नसत. त्या काळी गरिबांच्या वस्त्यांत दारूने संसार बुडत होते. दारूऐवजी लोकांनी कोको प्यावा, हा जॉन यांच्या धंद्यामागचा एक विचार होता.

1861 साली रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी धंदा हाती घेतला तेव्हा तो बुडायला आला होता. दोघा भावांनी काटकसर करून तो वर काढला. रिचर्ड यांना चित्रकलेचे अंग होते. त्यांनी 1868 पासून चॉकलेटच्या सुंदर चित्रांच्या पेट्या बाजारात आणल्या. भेट म्हणून चॉकलेटची पेटी देण्याची रीत रुजवण्यात या कुटुंबाचा मोठा वाटा आहे. नाताळ न पाळणाऱ्यांच्या हातून नाताळची भेट घरोघर पोचली.

1879 मध्ये त्यांनी कारखाना शहराच्या धुरातून बाहेर, सुमारे सहा किलोमीटरवर बोर्नव्हिल येथे नेला. पुढे जॉर्ज यांनी शेजारची जमीन घेऊन तिथे बागेसह घरे बांधली. ती केवळ आपल्या कामगारांसाठी नव्हती. 1900 साली त्यांनी हे सारे गाव एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. त्यावर स्वतःचा हक्क ठेवला नाही. रिचर्ड यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी निवारागृहे बांधली. आजारातून उठणाऱ्या मुलांसाठी एक मोठा वाडा दिला. जॉर्ज दर रविवारी पहाटे उठून प्रौढांच्या शाळेत मजुरांना लिहा-वाचायला शिकवत, आणि हे त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे केले. शहरातल्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले त्यांच्या अंगणात खेळायला, खायला येत. 1906 मध्ये त्यांनी बोर्नव्हिलला घंटांचा संच बसवला. आजही नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या हिरवळीवर लोक जमतात आणि नाताळची गाणी गातात.

हे सारे दान दाखवण्यापुरते नव्हते. याला आणखी एक पुरावा आहे. 1899 च्या अखेरीस, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना, व्हिक्टोरिया राणीने तिथल्या प्रत्येक सैनिकाला नवीन वर्षाची भेट म्हणून चॉकलेटचा डबा पाठवायचे ठरवले. काम कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या तीन कंपन्यांकडे आले. तिन्ही क्वेकर, आणि क्वेकर युद्धाच्या विरोधात. राणीला नाही कसे म्हणायचे? त्यांनी चॉकलेट दिले. पण युद्धातून नफा कमवायचा नाही असे ठरवले आणि डब्यांवर स्वतःचे नाव घातले नाही. एवढी त्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी होती.

पण, बंधुभगिनींनो, याच सुमारास कॅडबरींच्या कारखान्यात येणारा जवळपास निम्मा कोको साओ टोमे नावाच्या बेटावरून येत होता.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे हे छोटे बेट पोर्तुगालच्या ताब्यात होते. आपल्या शेजारच्या गोव्यावर लिस्बनचे जे सरकार राज्य करत होते, तेच तिथेही होते. पोर्तुगालने गुलामगिरी कागदावर 1870 च्या दशकातच संपवली होती. मळ्यांत काम करणाऱ्यांना 'करारी मजूर' म्हणत. अंगोलाच्या आतल्या मुलुखातून माणसे धरून आणायची, किनाऱ्यावर अधिकाऱ्यासमोर पाच वर्षांच्या करारावर त्यांची 'संमती' नोंदवायची आणि जहाजात चढवायचे. पाच वर्षे संपली की करार आपोआप पुढे चाले. बेटावरून परत आलेला मजूर अंगोलात जवळजवळ कोणी पाहिला नव्हता.

1901 साली रिचर्ड यांचे चिरंजीव विल्यम कॅडबरी यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्याच वर्षी साओ टोमेवरच्या एका मळ्याच्या विक्रीचे पत्रक त्यांच्या हाती पडले. त्यात इमारती, गुरे यांच्याबरोबर 200 काळे मजूर मालमत्ता म्हणून धरले होते आणि त्यांची किंमतही लावली होती. जो मजूर विकता येतो, त्याला मजूर कसे म्हणायचे?

आता पुढचा हिशेब नीट पाहा. विल्यम यांनी ही बाब दडपली नाही. 1903 मध्ये ते स्वतः लिस्बनला गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की नवा मजूर कायदा आला आहे, थोडे थांबा. 1905 मध्ये त्यांनी जोसेफ बर्ट नावाच्या गृहस्थांना चौकशीसाठी पाठवले. त्यासाठी बर्ट आधी पोर्तुगीज भाषा शिकले. ते जवळजवळ दोन वर्षे आफ्रिकेत फिरले. त्यांच्या आधीच हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने अंगोलाची वाट तुडवून, वाटेवर पडलेल्या लाकडी बेड्या आणि माणसांची हाडे पाहून त्यावर पुस्तक लिहिले होते. ते 1906 मध्ये आले. बर्ट यांचा अहवाल 1907 मध्ये तयार झाला. त्यांचेही म्हणणे तेच होते: ही गुलामगिरीच आहे. मग ब्रिटिश सरकारचा सल्ला, पोर्तुगालशी बोलणी, अजून थोडा धीर. शेवटी विल्यम 1908 मध्ये स्वतः त्या बेटावर गेले. परत आल्यावर मार्च 1909 मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री यांनी साओ टोमेचा कोको घेणे बंद केले.

1901 ते 1909. आठ वर्षे. या आठही वर्षांत चौकशी चालू होती, आणि खरेदीही चालू होती.

खरेदी थांबवली तर पोर्तुगाल आपले ऐकणार नाही, गिऱ्हाईक राहूनच दबाव आणता येईल, असे त्यांना वाटत होते. यात तथ्य असेलही. पण थांबण्याची किंमत कॅडबरींना मोजावी लागत नव्हती. ती साओ टोमेवर मोजली जात होती.

'स्टँडर्ड' नावाच्या वर्तमानपत्राने 1908 मध्ये यावर बोचरा लेख लिहिला. बोर्नव्हिलच्या कामगारांची एवढी काळजी घेणाऱ्यांना दूरच्या मळ्यातली माणसे दिसत नाहीत का, असा त्याचा रोख होता. त्यामागे राजकीय वैरही होते. जॉर्ज यांच्या मालकीचे 'डेली न्यूज' दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत चिनी मजुरांच्या होणाऱ्या हालांवर जोरात लिहीत असे. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. तो बर्मिंगहॅमलाच, 1909 च्या आगमनकाळात चालला. 'स्टँडर्ड'चे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यम यांना विचारले की, 1901 ते 1908 या काळात तुमचा कोको पिकवताना किती गुलाम मेले याचा कधी अंदाज केला आहे का? विल्यम यांना नाही म्हणावे लागले.

6 डिसेंबरला निकाल लागला. ज्यूरीने कॅडबरींच्या बाजूने कौल दिला. ते ढोंगी आहेत हा आरोप टिकला नाही. पण नुकसानभरपाई म्हणून त्यांना दिले एक फार्दिंग. म्हणजे पेनीचा चौथा भाग, आपल्या भाषेत एक दमडी. तुम्ही खोटे नाही, पण तुमच्या नावाला यापेक्षा जास्त मोल लावता येत नाही, असेच जणू त्या बारा माणसांनी सांगितले. आणि ही माणसे त्यांच्याच शहरातली होती. कदाचित त्यांच्यातल्या कोणी या कुटुंबाच्या दानाची फळे पाहिलीही असतील.

हे वाचताना मला सुरुवातीला राग आला. नंतर राग माझ्याकडे वळला. कारण कॅडबरी कुटुंब वाईट नव्हते, हाच तर यातला धडा आहे. वाईट माणसाचे दान ओळखणे सोपे असते. इथे चांगल्या माणसांचे, नाव न लावता दिलेले, मनापासूनचे दान होते. आणि तरीही त्या दानाने साओ टोमेवरच्या एकाही माणसाचे देणे फिटले नाही. फिटणार कसे? दान एकाला मिळाले आणि देणे दुसऱ्याचे होते.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. तो झाडावरून उतरला आणि प्रभूसमोर उभा राहून दोन गोष्टी बोलला. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन, ही पहिली. ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करीन, ही दुसरी. आपण प्रवचनात पहिलीवर जास्त बोलतो. पण जक्कयला कळले होते की गरिबांना दिलेल्या अर्ध्या मालमत्तेतून फसवलेल्या माणसाचे पैसे परत जात नाहीत. दोन्ही केले तेव्हाच त्याच्या घराला तारणाचा आशीर्वाद मिळाला.

कॅडबरींची दुसरी गोष्ट उशिरा आली, पण आली. त्यांनी आपला ओढा गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळवला. तिथे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको पिकवत होते. पुढच्या काळात साओ टोमेवरचे काही मजूर अंगोलाला परत पाठवले जाऊ लागले. सगळे नाही. ज्यांची हाडे तिकडेच राहिली त्यांना तर कोणीच परत आणू शकत नव्हते. विल्यम यांनी पुढे आपल्या शहरासाठी खूप केले. 1923 मध्ये त्यांनी स्थापन केलेली धर्मादाय संस्था आजही काम करते. 2010 मध्ये कॅडबरी कंपनी एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली, आणि कुटुंबाच्या दातृत्वाची ती परंपरा आता अशा संस्थांतच उरली आहे.

यंदा नोव्हेंबरमध्ये पावतीपुस्तक घेऊन निघण्याआधी मला आमच्या गव्हाणीची आठवण झाली. गेल्या वर्षी तिचा लाकडी सांगाडा करणाऱ्या मेस्त्रींचे 600 रुपये मीच राखून ठेवले होते. "देवाचं काम आहे मेस्त्री, एवढं चालवून घ्या," असे म्हणाले होते. ते काही बोलले नव्हते. मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "बाई, देवाला मी वेगळं देतो. हे माझ्या पोरांचं होतं."

त्यानंतरच मला त्या युनिटच्या मालकांकडे जायचे धैर्य झाले. फादरही बरोबर आले. आम्ही आधी मेस्त्रींची गोष्ट सांगितली, ब्लँकेटांबद्दल आभार मानले आणि मग कोणाचेही नाव न घेता जादा कामाच्या पैशांबद्दल विचारले. मालक थोडा वेळ गप्प बसले. "बघतो," म्हणाले. त्यांनी पाहिले की नाही हे मला त्या मुलीच्या आईकडून कळेल, नाताळच्या मिस्सेत वाचल्या जाणाऱ्या नावांवरून नाही.

तुमच्याही घरी या दिवसांत नेवऱ्या होतील, तारे लागतील, कोणाकोणाला पिशव्या जातील. जरूर जाऊ द्या. हात आखडू नका. फक्त पिशवी भरण्याआधी एकदा वही उघडून पाहा. भांडी घासणाऱ्या मावशींचे काही राहिले आहे का? रिक्षावाल्या दादांचे? धाकट्या भावाचे?

हे प्रभो येशू, तू सुताराच्या घरी वाढलास. घामाच्या पैशाची वाट पाहणे म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या गव्हाणीशी आम्ही देणगी घेऊन येऊ, तेव्हा आमच्यामागे कोणाचे देणे राहिलेले नसू दे. आमेन.